आषाढात कोण येणार, ते आधी विचारा

पत्र :

"नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. घर जुनं, चिरेबंदी आणि कौलारू. मागच्या अंगाला दोन नव्या खोल्या बांधल्यात, त्या उन्हाळ्यात आणि दिवाळीत पर्यटकांना देतो. घरात सासरे (वय ७८), मी, यजमान आणि अकरावीतली मुलगी. यजमानांना मुंबईच्या ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिली आहे, मुलीचे सीईटीचे क्लास ऑनलाइन आहेत. आजवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवलं, आता भागत नाही. तीन जण मागे लागलेत. एक केबलवाला : ४० एमबीपीएस, ४९९ रुपये, चिपळूणहून माणसं येऊन जोडतील, वर्षाचे पैसे एकदम भरले तर जोडणी फुकट. दुसरा छतावर डबा बसवणार : ३० एमबीपीएस, ५९९ रुपये, सोबत डझनभर ओटीटी, आज सांगा उद्या चालू. तिसरी सरकारी कंपनीची फायबर, खालच्या वाडीत दोन वर्षं आहे. केबलवाल्यापेक्षा महिन्याला शंभरएक रुपये जास्त, शिवाय आमच्यापर्यंत तार आणायचा खर्च वेगळा. खालच्या वाडीतले म्हणतात, गेल्या पावसात चार दिवस बंद होती, पण जवळच्या शृंगारतळीचा लाइन जोडणारा मुलगा येऊन जोडून गेला. सासरे जुना लँडलाइन सोडायला तयार नाहीत, ते आणखी एक. आम्ही कुठला प्लॅन घ्यावा?"

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. चार दिवस बंद होती, पण शृंगारतळीचा मुलगा येऊन जोडून गेला. पत्र वाचताना मी तिथेच थांबले. शहरात प्लॅन निवडताना लोक आधी एमबीपीएस बघतात, मग रुपये, मग फुकट काय मिळतंय ते. आपल्याकडे पहिला प्रश्न वेगळा आहे. आषाढात, रस्त्यावर झाड आडवं पडलेलं असताना, तार जोडायला कोण येणार आणि कुठून येणार? त्याचं उत्तर मिळालं की बाकीचं सोपं आहे.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडाकडच्या गावांनी वीज आणि फोन दोन्ही कितीतरी दिवस पाहिले नाहीत. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं आणि त्याच वर्षी जुलैत, २२ तारखेला, चिपळूण पाण्याखाली गेलं. ही वर्षं मुद्दाम सांगते, कारण कुठल्याही लाइनवाल्याला विचारायचा यापेक्षा चांगला प्रश्न माझ्याकडे नाही : "चिपळुणात पाणी भरलं तेव्हा तुमची लाइन किती दिवस बंद होती?" तेव्हा धंद्यात नसेल, तर गेल्या जुलैचं विचारा. जो माणूस "आमची लाइन कधी जातच नाही" म्हणतो, त्याच्यापासून जरा लांब राहा. ज्याला दिवस आठवतात, कुठल्या वळणावर तार तुटली होती ते आठवतं, तो माणूस स्वतः शिडीवर चढलेला असतो.

केबलवाल्याला आणखी दोन गोष्टी विचारा. तुमच्या गावापर्यंत त्याची तार कुठल्या रस्त्याने येते आणि ती एकाच रस्त्याने येते की दुसरी वाटही आहे? एकच वाट असेल, तर त्या वाटेवर कुठेही जेसीबी लागला की सगळा तालुका बंद. रस्तारुंदीच्या कामात हे किती वेळा होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. खोदणाऱ्याने आधी कळवावं म्हणून सरकारने २०२३च्या मार्चमध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आणलं, पण पंचायतीच्या नळयोजनेचा चर खणणारा माणूस ते उघडून बघेल यावर आपण भरवसा ठेवू नये. दुसरं, ज्या खोलीत त्याचं मशीन आहे, जिथून काचेच्या तारेतून, म्हणजे फायबरमधून, प्रकाशाच्या रूपात नेट तुमच्याकडे निघतं, तिथे वीज गेल्यावर किती तास बॅटरी चालते? तुमच्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही, जर पलीकडचं टोक दोन तासांत अंधारात जात असेल. हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही, आणि पावसाळ्यात निम्मं रडगाणं याचंच असतं.

मग एका सकाळी तुम्ही आणि यजमान मिळून तार ज्या वाटेने येणार ती वाट चालून बघा. खालच्या वाडीतला शेवटचा खांब, तिथून पाखाडी, मग कोणाचं तरी परसू, मग तुमचा गडगा. वर बघत चाला. तार रायवळ आंब्याच्या फांदीला टेकणार का? माडाखालून जाणार का? एक सुकलेली झावळी उंचावरून पडली की काचेची बारीक तार तिथेच संपते. वानरांची टोळी ज्या बाजूने रोज जाते ती बाजू तुम्हाला माहीत आहे, लाइनवाल्याला नाही. वानर तारेला धरून झोका घेतं आणि जोड निसटतो. दोन खांब जास्त घेऊन, बागेला वळसा घालून तार आणली आणि त्याचे हजार-बाराशे जास्त गेले, तर ते पैसे मी आनंदाने देईन. जोड जितके कमी तितकं बरं, म्हणून शेवटच्या खांबापासून घरापर्यंत अखंड तुकडा टाकायला सांगा.

आता छतावरच्या डब्याचं. ही सेवा वाईट नाही. २०२३पासून ती आपल्याकडे पसरायला लागली आणि जिथे तार जाऊच शकत नाही, अशा सड्यावरच्या एकट्या घरांना तिने मोठा आधार दिला आहे. डबा मोबाइलच्या टॉवरकडूनच फाइव्ह-जी घेतो आणि घरात वायफाय करून देतो. म्हणून तो कसा चालेल हे बसवण्याआधीच कळू शकतं. त्याच कंपनीचं सिम असलेला फाइव्ह-जी फोन घ्या. रात्री नऊला, म्हणजे सगळा गाव फोनवर असतो तेव्हा, अंगणात, पडवीत आणि शक्य तर माळ्यावरच्या खिडकीशी उभं राहून स्पीड मोजा. ट्राय या दूरसंचार नियामकाचं मायस्पीड ॲप त्यासाठी पुरेसं आहे. डाउनलोडसोबत अपलोडचा आकडाही लिहून ठेवा. यजमानांची मीटिंग अपलोडवर चालते, आणि या डब्यांत अपलोड डाउनलोडच्या मानाने बराच कमी असतो. फायबरवर बहुतेक प्लॅनमध्ये दोन्ही सारखे मिळतात.

तुमचं घर डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे ते पत्रात नाही. टॉवर आणि घर यांच्यामध्ये डोंगराची सोंड असेल, तर विषय संपला. मध्ये नुसती बाग असेल तर मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा : मे महिन्यात मोजलेला आकडा जुलैत टिकत नाही. पाण्याने भिजलेला दाट पाला या लहरी शोषून घेतो. आणि वीज गेली की टॉवरही बॅटरीवर येतो. बॅटरी संपली की तुमचा डबा आणि खिशातला फोन एकदमच मुके होतात. यजमानांची नोकरी यावर असताना मला हे नको वाटतं.

डब्याला नाही म्हणायचं दुसरं कारण डेटा. 'अनलिमिटेड' या शब्दाखाली बारीक अक्षरात एक मर्यादा असते. ती ओलांडली की नेट बंद होत नाही, पण वेग खूप खाली येतो, कधी कधी इतका की व्हॉट्सॲपचा साधा मेसेज तेवढा जातो. डब्याच्या अनेक प्लॅनमध्ये ही मर्यादा महिन्याला १००० जीबीच्या आसपास असते, फायबरच्या अनेक प्लॅनमध्ये ३३०० जीबी. आता तुमच्या घराचा हिशेब करू. एचडी टीव्ही तासाला साधारण ३ जीबी खातो. संध्याकाळचे चार तास धरले तर १२. यजमानांच्या मीटिंगा तासाला एक-दीड जीबी, दिवसाला चार तास, म्हणजे पाच-सहा. मुलीचे क्लास तीन-चार. सगळ्यांच्या फोनवरचे व्हिडिओ मिळून आणखी पाच-सहा. दिवसाला २५ ते २८ जीबी झाले, महिन्याला ८०० च्या आसपास. म्हणजे एरवी तुम्ही १००० मध्ये कशाबशा बसाल. मे महिन्यात खोल्या भरल्या, किंवा गणपतीत मुंबईचे दीर, जावा आणि सगळी मुलं आली की महिना संपायच्या आधीच ओढाताण सुरू. ३३०० मध्ये हा प्रश्न उरत नाही.

वेगाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण विक्रेते बोलणार ते त्याबद्दलच. "शंभर घ्या, दोनशे घ्या." घाईने हो म्हणू नका. एचडी पिक्चरला एका टीव्हीला ५ एमबीपीएस पुरतात, फोर-के टीव्हीला १५. व्हिडिओ मीटिंगला तीन-चार. तुमच्या घरात सगळे एकाच वेळी बसले तरी २०-२५ च्या पुढे आकडा जात नाही. ४० किंवा ६० चा प्लॅन चांगला. पाहुण्यांच्या मोसमात दोन महिने वरचा प्लॅन घ्यायचा आणि जूनमध्ये परत खाली यायचं, असं करता येतं का ते विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी येतं. आणखी एक, कारण यावरून मुलीचं आणि वडिलांचं घरोघरी भांडण होतं : ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० एमबी नव्हेत. आठाने भागायचं. सेकंदाला ५ एमबी उतरतील. एक जीबीची फाइल सव्वातीन-साडेतीन मिनिटं घेणार आणि ते बरोबरच आहे, त्यात कोणी फसवत नाही.

आता घरात या, कारण तुमची खरी अडचण मला तिथे दिसते. नेट येईल, पण माजघराच्या पलीकडे जाणार नाही. जांभ्याच्या चिऱ्याची दीड फुटी भिंत वायफायला खाऊन टाकते, आणि पावसात ती भिंत ओल धरते तेव्हा आणखीच. जोडायला येणारी मुलं सवयीने राउटर तिथेच ठोकतात जिथे तार घरात शिरते, म्हणजे पडवीच्या कोपऱ्यात, बहुतेक वेळा मीटरच्या शेजारी. मग पडवीत बसलेल्यांना झकास नेट आणि मागच्या खोलीत मुलीचा क्लास गोल गोल फिरत बसलेला. माझ्या मावसबहिणीकडे मी हे डोळ्यांनी पाहिलं. राउटरच्या शेजारी ४८ एमबीपीएस, एक भिंत ओलांडून स्वयंपाकघरात १९, दुसऱ्या भिंतीपलीकडे ४. तोच प्लॅन, तोच फोन, पाच मिनिटांत मोजलेलं. ती बिचारी १०० चा प्लॅन घ्यायला निघाली होती. राउटर माजघरातल्या फळीवर, छातीच्या उंचीवर, दोन्ही दारं सरळ रेषेत येतील असा ठेवला आणि मागच्या खोलीत १८ यायला लागले. प्लॅन तोच राहिला.

तुम्ही माणसं यायच्या आधीच जागा ठरवून ठेवा आणि त्यांना तिथपर्यंत तार न्यायला लावा. राउटर लोखंडी कपाट, फ्रीज आणि आरसा यांच्यापासून लांब असू द्या. फोनवर वायफायची दोन नावं दिसतील, एका नावाच्या शेवटी ५जी असेल. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. ते वायफाय वेगवान असतं पण भिंत ओलांडायला कच्चं. राउटरच्याच खोलीत बसणाऱ्याने ते घ्यावं. भिंतीपलीकडच्यांनी दुसरं, म्हणजे २.४ वालं.

मागच्या दोन खोल्यांना वायफाय हवेतून पोचवायचा नादच सोडा. राउटरपासून तिथपर्यंत लॅनची केबल पाइपातून टाका आणि टोकाला एक साधा दुसरा राउटर बसवा. एकदा खर्च होईल, पण पाहुण्यांची "नेट नाही" ही तक्रार कायमची जाईल. पाहुण्यांसाठी 'गेस्ट' नावाचं वेगळं वायफाय राउटरमध्ये करता येतं, तेच द्या, घरातला पासवर्ड देऊ नका. जोडणी तुमच्या नावावर आणि तुमच्या आधारवर आहे. पाहुण्यांनी तिच्यावरून काय केलं याची विचारणा झाली तर आधी तुमच्या दारात होईल. पर्यटकांची तुकडी गेली की गेस्टचा पासवर्ड बदलायचा, चादरी बदलतो तसा.

पैशांबद्दल. जाहिरातीतला ४९९ हा आकडा पूर्ण नसतो, त्यावर १८ टक्के जीएसटी बसतो. हातात येणारं बिल ५८९ चं. वर्षाचे सात हजारांवर जातात. तिघांकडूनही जीएसटीसकट आकडा कागदावर मागा, शिवाय जोडणीचे किती, तारेचे मीटरमागे किती, राउटर तुमच्या मालकीचा की त्यांचा, त्यांचा असेल तर अनामत किती आणि ती परत कशी मिळणार. ओटीटीचा विचार करू नका. डझनभर नावांतली तुमच्या घरात दोन बघितली जातील. सासऱ्यांना कीर्तन आणि बातम्या हव्यात, त्या यूट्यूबवर फुकट आहेत.

आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नका, ताई. कृपा करून भरू नका. मी भरले होते. जोडणीचे पंधराशे वाचतात म्हणून भरले. पाच महिन्यांनी आमच्याकडची एजन्सी बदलली, जुन्याचा फोन बंद, नवा म्हणाला तुमचे पैसे आमच्याकडे आलेलेच नाहीत. सात महिन्यांचं नेट आणि त्यासाठी मारलेले हेलपाटे, दोन्ही गेले. त्या वेळी आईला बरं नव्हतं आणि डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचं म्हणून मी ती जोडणी घेतली होती, त्यामुळे ते अजून विसरता येत नाही. आधी एक-एक महिन्याने भरा. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. आश्विनात समाधान असेल तर सहा महिन्यांचं भरा. जोडणीचे पंधराशे जातील, ते जाऊ द्या.

सासऱ्यांच्या लँडलाइनबद्दल मला त्यांची बाजू घ्यायची आहे. तो नंबर मुंबईच्या, पुण्याच्या, सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ असेल, आणि ७८ वर्षांच्या माणसाला हातात धरून बोलता येतो असा तो एकच फोन. तो फोन बीएसएनएलचा, म्हणजे त्याच सरकारी कंपनीचा असेल, तर तांब्याच्या तारेवरून फायबरवर जाताना तोच नंबर ठेवता येतो. अर्जात तसं लिहून द्या आणि पोच घ्या. घाईघाईत नवी जोडणी म्हणून अर्ज भरलात तर नवा नंबर गळ्यात पडेल. मात्र एक फरक सासऱ्यांना आधी समजावून सांगा. तांब्याच्या तारेवरच्या फोनला एक्स्चेंजकडूनच वीज येते, म्हणून घरात अंधार असला तरी कानाला लावला की टोन येतो. फायबरचा फोन घरातल्या विजेवर चालतो. वीज गेली की तो गेला. रात्री एकटे असताना त्यांनी फोन उचलला आणि आवाज नाही, असं होऊ नये. त्यांच्या उशाशी एक साधा बटणाचा मोबाइलही असू द्या.

म्हणून राउटरला बॅटरीचा आधार हवाच. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच्या लाइनवर घ्या. नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, हाताच्या पंजाएवढा. राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, त्याचा फोटो काढून दुकानात दाखवा आणि त्याला जुळणाराच घ्या. तीन-चार तास निघतात. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की मात्र अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवायचा. फायबर काचेची असल्याने तिच्यातून वीज येत नाही, पण तिला आधार म्हणून जोडलेली पोलादी तार, घरातली लॅनची केबल आणि विजेचं सॉकेट, यांतून झटका येतो आणि राउटर जळतो.

नेट गेलं की आधी राउटरकडे बघायची सवय घरात सगळ्यांना लावा. एलओएस असं लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेर कुठेतरी तार तुटली आहे. राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, लगेच फोन करा आणि "एलओएस लाल आहे" एवढंच सांगा. ऐकणाऱ्याला कळतं की शिडी आणि जोडायचं मशीन घेऊन यायचंय, आणि एक फुकटची खेप वाचते. लाल दिवा नसेल आणि तरी नेट नसेल, तर दोष बहुतेक त्यांच्या बाजूचा असतो किंवा रिचार्ज संपलेला असतो.

तक्रार तोंडी ठेवू नका. लाइन जोडणाऱ्या मुलाला फोन करा, तो येईलही, पण त्याच वेळी कंपनीच्या नंबरवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. बंद राहिलेल्या दिवसांचे पैसे मागायचे तर तो क्रमांकच कामाला येतो. दाद लागली नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. त्याच्याही पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.

यजमानांसाठी वेगळी तजवीज हवी. चार दिवस बंद हे खालच्या वाडीने सहन केलं, ऑफिसला ते चालणार नाही. पण त्यासाठी दोन-दोन जोडण्या घेण्याची गरज नाही. तुमच्या घरातले सगळे मोबाइल एकाच कंपनीचे असतील, तर यजमानांचं दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं घ्या, ज्या कंपनीचा टॉवर तुमच्याकडे दुसऱ्या डोंगरावर आहे तिचं. ते चालू राहील एवढाच छोटा रिचार्ज एरवी ठेवा आणि लाइन गेली की त्या दिवसांपुरता डेटा पॅक मारा. शृंगारतळीला किंवा गुहागरला ओळखीच्या कोणाकडे बसायची जागा आहे का तेही आत्ताच बोलून ठेवा. जुलैत धावाधाव करण्यापेक्षा बरं.

तुमच्या जागी मी असते तर सरकारी कंपनीची फायबर घेतली असती. तिच्यात मला खास काही दिसतं म्हणून नाही. खालच्या वाडीत तिने दोन पावसाळे काढलेत आणि तिचा माणूस तुमच्यापासून मोटरसायकलच्या अंतरावर राहतो म्हणून. केबलवाल्याची माणसं चिपळूणहून येणार. एका खेपेसाठी कोणी तेवढ्या लांबून येत नाही, चार-पाच तक्रारी साठल्या की येतात. उद्या त्याने शृंगारतळीत माणूस ठेवला आणि वर्षाचा हट्ट सोडला, तर मी त्याचाही विचार करेन. शंभर रुपये कमी आहेत, ते काही थोडे नाहीत. पण आधी खालच्या वाडीत जाऊन त्या मुलाचं नाव-नंबर घ्या आणि त्याच्याशी प्रत्यक्ष बोला. तो तीन वाड्या सांभाळतो की तीस गावं, यावर बरंच अवलंबून आहे. त्याच्या हाताखाली कोणी आहे का, तो लग्नाकार्याला गेला तर कोण येतं, हेही विचारा. त्यात संकोच कसला.

जे काय कराल ते मृगाच्या आधी करा. एकदा पाऊस धरला की खांबावर चढायला कोणी तयार होत नाही आणि ओल्या हातांनी केलेला जोड टिकतही नाही. माणसं आली की तुम्ही स्वतः शेजारी उभ्या राहा. तार खिडकीच्या फटीतून आत घेऊ देऊ नका, दार-खिडकीत चेपली किंवा काटकोनात मुडपली की काचेतून प्रकाश जात नाही. भिंतीला भोक पाडायला सांगा, बाहेरच्या बाजूला उतरतं. आणि तार भोकात शिरण्याआधी भोकाच्या खाली वीतभर झोळ ठेवायला लावा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन बाहेरच टपकेल, भिंतीतून राउटरपर्यंत येणार नाही.